तेल पिणारा बुश : जुन्या मोटारसायकलींतील सच्छिद्र कांशाच्या बुशांची बसवणूक व माप

ह्या मासिकांत बीं, खत, पाणी आणि जनावरें यांवर लेख येतात. मग जुन्या मोटारसायकलीच्या बोटभर बुशावर संबंध लेख कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्याच्या गोठ्याशेजारीं ट्रॅक्टर उभा आहे त्याच्या स्टार्टरमध्यें बहुधा ह्याच जातीचा बुश असतो. शिवाय कित्येकांच्या पडवींत वडिलांच्या वेळची ट्रायंफ किंवा बी. एस. ए. गोणपाटाखालीं झांकून ठेवलेली असते, व ती पुन्हां चालू करावी अशी घरांतील तरुणांची इच्छा असते. आणि सर्वांत मुख्य कारण हें कीं, ही क्षुल्लक वस्तु चुकीच्या रीतीनें बसविल्यास काय होतें तें आम्हीं आमच्या घरींच पाहिलें आहे. तो प्रसंग आधीं सांगतों.

आमच्या चुलत्यांनीं १९६१ सालीं पुण्यास एक जुनी ६५० सी. सी. ची ट्रायंफ विकत घेतली. ती आमच्या घरीं अद्याप चालते. तिच्या सिलिंडरांच्या पुढल्या अंगास ल्युकास कंपनीचा ‘ई ३ एल्’ जातीचा, ६ व्होल्ट व ६० वॅटचा डायनामो आहे. त्याच्या कॉम्युटेटरकडील बुश झिजून आवाज करूं लागला, म्हणून आम्हीं नवा बुश आणविला. नवी वस्तु स्वच्छ असावी ह्या हेतूनें तो आम्हीं स्वहस्तें पेट्रोलांत धुतला व फडक्यानें कोरडा केला. पुढें तालुक्याच्या एका कारखान्यांत तो हातोडीनें ठोकून बसविण्यांत आला. भोक आवळलें असें दिसतांच कारागिरानें बोथट रीमर फिरविला, आणि शेवटीं काठीस एमरी पेपर गुंडाळून भोक आरशासारखें चकचकीत केलें. शाफ्ट हलका फिरूं लागला. कारागीर खूष, आम्हीही खूष.

दीड महिन्यानें गाडीच्या अँपिअरमापकाचा कांटा मधूनमधून मागें जाऊं लागला. तिकडे आम्हीं लक्ष दिलें नाहीं. एके रात्रीं आमचा पुतण्या उसास पाणी देऊन परत येत असतां वाटेंत दिवा मालवला. ह्या गाडीस ठिणगी निराळ्या मॅग्नेटोपासून मिळते. त्यामुळें दिवा गेला तरी एंजिन चालूच राहिलें, व गाडी अंधारांत तशीच धांवत पाटाच्या पुलावरून खालीं गेली. मुलाचा उजवा हात मोडला. डायनामो उघडून पाहिला तेव्हां बुशाचें भोक एका अंगास झिजून लंबगोल झालें होतें, आर्मेचर पोलांस घांसून त्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या, आणि शाफ्टावर जणूं कोणीं कानस फिरविली होती. कारागिराची चूक होतीच. परंतु पहिली चूक आमची स्वतःची होती. ती कां झाली हें समजून घेण्यासाठीं जें वाचलें, विचारलें व हातानें करून पाहिलें, तें येथें क्रमानें देत आहों.

१. हें कांसें निराळें कसें

साधें कांसें तांबें व कथील वितळवून ओततात. सच्छिद्र कांशाचा बुश ओतीव नसतो. सुमारें ९० भाग तांब्याची व १० भाग कथलाची पूड एकत्र करून ती पोलादी सांच्यांत प्रचंड दाबाखालीं दाबतात. मग हवा लागूं न देतां ती सुमारें ८०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. ह्या उष्णतेंत कथील वितळून तांब्यांत मुरतें, पण तांबें वितळत नाहीं; त्याचे कण फक्त एकमेकांस चिकटतात. कणांमधील फटी तशाच राहतात, व त्या एकमेकींस आंतून जोडलेल्या असतात. पुढें तो बुश दुसऱ्या सांच्यांतून काढून अचूक मापाचा करतात, आणि निर्वात भांड्यांत त्यास तेल पाजतात. बुशाच्या आकारमानाचा सुमारें पांचवा हिस्सा, कधीं पाव हिस्सा, अशा रीतीनें तेलानें भरतो. भरीव कांशाची घनता ८.८ च्या आसपास असते. सच्छिद्र कांशाची ६.४ ते ६.८ असते.

अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें हे बुश १९३० च्या सुमारास ‘ऑइलाइट’ ह्या नांवानें पुढें आणले. इंग्लंडांत ते इप्सविच येथील मँगनीज ब्राँझ कंपनी बनवी. योगायोग असा कीं, १९७३ सालीं बी. एस. ए. व ट्रायंफ यांचा मोटारसायकलींचा धंदा ज्या समूहाकडे गेला, तो ह्याच मँगनीज ब्राँझचा होता.

२. तेल बाहेर कसें येतें व आंत कसें जातें

उन्हाळ्यांत मातीचा माठ पाझरतो तसा हा बुश पाझरतो. अंतर इतकेंच कीं, पाझरलेलें तेल तो पुन्हां पिऊन घेतो. शाफ्ट फिरूं लागला कीं बुश थोडा तापतो. तापल्यावर धातूपेक्षां तेल अधिक फुगतें, म्हणून तें छिद्रांच्या तोंडाशीं येऊन शाफ्टाभोंवतीं पातळ थर धरतें. ज्या अंगास शाफ्टाचा भार पडतो तेथें तेल छिद्रांत दाबलें जातें व जेथें भार नाहीं तेथून बाहेर येतें. असें अभिसरण चालू राहतें. यंत्र थांबून निवलें म्हणजे दिव्याच्या वातींत तेल चढतें त्याच न्यायानें तें छिद्रांत परत ओढलें जातें.

ह्यावरून एक गोष्ट वाचकांनीं मनांत पक्की करावी. ह्या बुशाचा सर्व गुण भोकाच्या आंतल्या पृष्ठभागावरील उघड्या तोंडांत आहे. बोथट हत्यार फिरविलें तर मऊ धातु लेपासारखी पसरते व तोंडें बुजतात. मग बुशाच्या पोटांत तेल असूनही शाफ्टास तें मिळत नाहीं. एमरीचा अपाय तर ह्याहून मोठा आहे. तिचे कण छिद्रांत रुतून बसतात, धुतले तरी निघत नाहींत, आणि पुढें महिनोन् महिने शाफ्ट खात राहतात. आमच्या डायनामोंत नेमकें हेंच झालें होतें. पेट्रोलानें तेल आधींच गेलें होतें. उरलेलीं तोंडें रीमरनें बुजविलीं. आणि एमरीनें शाफ्ट कापला.

३. हा बुश कोठें असतो व कोठें नसतो

जुन्या इंग्रजी गाड्यांत तो हलका भार व एकसारखें फिरणें असेल तेथें आढळतो. डायनामोचें कॉम्युटेटरकडील टोंक हें त्याचें ठराविक ठिकाण. एंजिनांत पाहिल्यास, १९६३ पासूनच्या, म्हणजे एंजिन व गिअरबॉक्स एकाच पेटींत असलेल्या ६५० सी. सी. च्या ट्रायंफांत कॅमशाफ्टचे बुश दाबीव पुडीच्या कांशाचे आहेत. मात्र ते अधिक घट्ट दाबलेले असतात, म्हणून त्यांत छिद्रें कमी व बळ जास्त असतें, आणि त्यांस क्रँककेसमधील तेलही मिळतें.

कनेक्टिंग रॉडच्या पिस्टनकडील टोंकांत मात्र भरीव फॉस्फर ब्राँझचाच बुश पाहिजे. कां, तें हिशेबानें पाहूं. साध्या सच्छिद्र कांशासाठीं नियम असा आहे कीं, दर चौरस इंचावरील दाब पौंडांत व शाफ्टाच्या पृष्ठभागाचा वेग मिनिटास फुटांत घेऊन त्यांचा गुणाकार ५०,००० च्या वर जाऊं नये. समजा, अर्ध्या इंचाचा शाफ्ट मिनिटास ३,००० फेरे घेतो. त्याच्या पृष्ठभागाचा वेग सुमारें ३९३ फूट होतो. ५०,००० स ३९३ नें भागल्यास १२७ पौंड येतात. बुशाची लांबी अर्धा इंच धरली तर भार घेणारें क्षेत्र पाव चौरस इंच. म्हणजे तो बुश सुमारें ३२ पौंड भार निभावूं शकतो. आर्मेचरच्या एका टोंकास हें पुरतें. पिस्टनवर तर स्फोटाच्या क्षणीं हजारों पौंडांचा भार येतो, आणि तेथें शाफ्ट पुरता फिरतही नाहीं, नुसता झुलतो. म्हणून दुकानांत माप जुळलें एवढ्यावरून एका जागचा बुश दुसऱ्या जागीं घालूं नये.

बुश सच्छिद्र आहे कीं भरीव, हें ओळखण्याची सोपी रीत अशी : तो किंचित् गरम करावा. सच्छिद्र असल्यास पृष्ठभागावर घामासारखें तेल येतें, व निवतांना तें परत आंत जातें.

४. जुना बुश काढणें व मापें घेणें

आरपार भोकांतील जुना बुश पायरीच्या दांड्यानें दाबून काढतां येतो. एका बाजूनें बंद असलेल्या भोकांत तसें जमत नाहीं. तेथें बुशांत योग्य मापाचा टॅप सरळ उभा ठेवून आटे पाडावे, बोल्ट आवळावा व बुश बाहेर ओढावा. ट्रायंफच्या डाव्या क्रँककेसमधील कॅमबुशांसाठीं कारखान्याचीच रीत अशी आहे कीं, ७/८ इंची व्हिटवर्थ टॅपनें आटे पाडावे, क्रँककेस १०० अंशांपर्यंत तापवावी, बोल्ट व्हाइसमध्यें धरावा आणि कातड्याच्या मोगरीनें क्रँककेस हळूहळू मागें सारावी. तरफ लावून बुश उचकटूं नये. मऊ अॅल्युमिनियमची बैठक त्यानें कायमची बिघडते.

नंतर मायक्रोमीटरनें चार मापें घेऊन कागदावर मांडावीं : शाफ्टाचा व्यास, घराचा व्यास, नव्या बुशाचा बाहेरील व्यास व आंतील व्यास. शाफ्ट दोन ठिकाणीं व आडवाउभा मोजावा. त्यावर खांच पडली असेल किंवा तो लंबगोल झाला असेल, तर नवा बुश घालणें म्हणजे फुटक्या मोटेस नवा नाडा बांधणें होय. आधीं शाफ्ट दुरुस्त करावा.

बुश घरांत घट्ट बसला पाहिजे, म्हणून तो घरापेक्षां किंचित् मोठा असतो. हा जादा भाग कोठें जातो? घर जाड व ताठ असेल तर तो जवळ जवळ सगळा आंत येतो. म्हणजे बुश जितका आवळतो तितकेंच भोक लहान होतें. पातळ अॅल्युमिनियमच्या घरांत तें थोडें कमी आवळतें, कारण घरही ताणलें जातें. उदाहरणादाखल एक तक्ता देतों. आंकडे इंचांत आहेत :

शाफ्ट ०.४९९५
हवी असलेली मोकळीक ०.००१०
म्हणून तयार भोक ०.५००५
घर ०.६२५०
बुशाचा बाहेरील व्यास ०.६२७०, म्हणजे आवळ ०.००२०
बुशाचें सुटें भोक ०.५०२२

हा बुश पूर्ण आवळला तर भोक ०.५००२ होईल, म्हणजे हवें त्याहून तीन दशसहस्रांश कमी. ही तफावत पुढें सांगितलेल्या मँड्रेलनें भरून निघते. परंतु सुटें भोक ०.५००५ असतें, तर बसविल्यावर शाफ्ट आंत शिरलाच नसता, व मग कारागिराचा हात रीमरकडे गेला असता. बहुतेक बुश येथेंच, विकत घेतांनाच, बिघडतात. सुटा बुश शाफ्टावर घालून ‘बरोबर बसतो’ असें म्हणणारा मनुष्य चुकीचा बुश घेऊन येत असतो.

५. तेल पाजणें

नवा बुश पेट्रोल, रॉकेल अथवा डिझेल यांत कधींही धुऊं नये. स्वच्छ कोरड्या फडक्यानें पुसावा. बसविण्यापूर्वीं तो स्वच्छ व पातळ एंजिन तेलांत पुरता बुडवून २४ तास ठेवावा. ल्युकासची मूळ सूचना हीच आहे. फार घाई असेल तर तेल १०० अंशांपर्यंत तापवून बुश दोन तास त्यांत ठेवावा. मात्र तेल पुरतें निवेपर्यंत तो बाहेर काढूं नये. गरम असतांच काढल्यास तेल आंत शिरण्याऐवजीं हवा शिरते, कारण निवतांनाच तो पीत असतो. ग्रीस लावूं नये. तें छिद्रांत शिरत नाहीं, उलट तोंडें बुजवितें.

बुश पाझरतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्याचें एक तोंड अंगठ्यानें बंद करावें, भोक तेलानें भरावें, व दुसऱ्या तोंडावर दुसरा अंगठा जोरानें दाबावा. बाहेरील अंगावर तेलाचे बारीक थेंब दिसले तर बुश जिवंत आहे.

६. बसविणें

यासाठीं एक मँड्रेल लागतो. पायरी असलेला, कडक केलेला व उत्तम पॉलिश केलेला पोलादी दांडा असें त्याचें वर्णन करतां येईल. ल्युकास कंपनी आपल्या डायनामोसाठीं तो शाफ्टाच्याच व्यासाचा घ्यावयास सांगते. सामान्य कामांत तो तयार भोकापेक्षां दोन-तीन दशसहस्रांश इंच मोठा करतात, कारण मँड्रेल बाहेर निघाल्यावर बुश तितकाच मिटतो. वरील उदाहरणांत तो ०.५००७ असावा. बुश आवळतांना मँड्रेलवर येऊन थांबतो, व त्याचें भोक गोल, सरळ आणि मापाचें राहतें. म्हणजे भोकाचें माप कापून नव्हे, बसवितांनाच करावयाचें असतें. ह्या एका वाक्यांत सर्व विद्या आली. तालुक्याच्या ठिकाणीं कोणताही चांगला लेथवाला हा दांडा करून देईल. त्याची मजुरी आर्मेचर पुन्हां भरण्याच्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

घराच्या तोंडाची धार ४५ अंशांत थोडी मोडावी, नाहीं तर ती बुशाचें अंग तासून काढते. तेलाचें भोक असल्यास बुशाचें व घराचें भोक समोरासमोर येतें कीं नाहीं हें आधींच खूण करून पाहावें. मग बुश मँड्रेलवर चढवून व्हाइसमध्यें किंवा लांब बोल्ट व नट यांच्या साह्यानें एकाच दमांत, सरळ दाबावा. हातोडी वापरूं नये. पहिल्याच घावांत बुश तिरपा होतो व त्याची कड फुटते.

घर अॅल्युमिनियमचें असेल तर तें भट्टींत १०० अंशांपर्यंत सारखें तापवावें. फुंकणीची ज्योत एका जागीं धरूं नये. २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापविल्यास ०.६२५ इंचाचें भोक सुमारें ०.००११ इंच वाढतें, म्हणजे अर्ध्याहून अधिक आवळ आपोआप सुटतो व बुश सहज जातो. परंतु गरम घरांत गेलेला बुश तेल ओकतो. म्हणून सर्व निवण्यापूर्वींच भोकांत तेल भरून रात्रभर तसेंच राहूं द्यावें. बुश निवतां निवतां गेलेलें परत घेईल.

७. इतकें करूनही भोक आवळलें तर

प्रथम शाफ्टाच्या कडेवर बारीक शीर उभी राहिली आहे काय, व दोन्ही टोंकांचे बुश एका रेषेंत आहेत काय हें पाहावें. पुष्कळदां दोष मापाचा नसून रेषेचा असतो. खरोखरच एखादा दशसहस्रांश कमी असेल, तर किंचित् मोठा पॉलिश केलेला मँड्रेल तेल लावून एकदां आरपार दाबावा. यानें धातु कापली जात नाहीं, फक्त सरकते. हा उपाय वारंवार करूं नये, कारण तोंडें थोडींशीं मिटतातच.

त्याहून जास्त धातु काढावयाची असेल तर लेथवर नव्यानें धार केलेल्या कार्बाइडच्या अणकुचीदार हत्यारानें, बारीक फीड ठेवून, हलका काप घ्यावा. धार तीक्ष्ण असेल तर कण सुटून येतात व तोंडें उघडीं राहतात. बोथट असेल तर भोक चमकूं लागतें. येथें चमक हें रोगाचें लक्षण समजावें. डायनामोचा बुश बसविल्यावर मुळींच वाढवूं नये, असें ल्युकासचें स्पष्ट सांगणें आहे. ट्रायंफच्या कॅमबुशांस मात्र दोन्ही अर्ध्या क्रँककेस जोडून, एका बाजूच्या बुशाच्या आधारानें दुसऱ्या बाजूस रीमर चालवून एका रेषेंत आणावें लागतें; पण ते बुश आधींच मापाचे केलेले असल्यामुळें तेथें अगदीं थोडीच धातु निघाली पाहिजे. हें काम रीमर नवा असेल तरच करावें. होन करणें, दगड लावणें व एमरी हीं सर्वथा वर्ज्य.

८. ट्रॅक्टरवाल्यांस दोन शब्द

ट्रॅक्टरचा स्टार्टर उघडला कीं मिस्त्री सर्व भाग डिझेलनें धुतो, व बुशही त्यांत धुतला जातो. पुढें तो कोरडा चालतो, झिजतो, आर्मेचर पोलांस घांसतें, आणि स्टार्टर भलताच विद्युत्प्रवाह ओढूं लागतो. शेतकरी बॅटरीस दोष देतो व नवी बॅटरी आणतो; महिन्याभरांत तीही उतरते. म्हणून बॅटरी बदलण्यापूर्वीं आर्मेचरचा शाफ्ट हातानें हलवून पाहावा. तो बुशांत खडखडत असेल तर रोग तेथें आहे. स्टार्टर उघडणाऱ्या मनुष्यास आधींच सांगावें कीं, बुश धुऊं नकोस. नवा असेल तर तो आम्ही आदल्या रात्रीं तेलांत ठेवून आणूं.

हें ज्ञान आम्हांस मुलाच्या हाताचें मोल देऊन मिळालें. हात बरा झाला, पण बैल जुंपतांना अजून दुखतो. दुसरा बुश आम्हीं वरील रीतीनें बसविला : २४ तास तेलांत ठेवला, मँड्रेलवर दाबला, रीमर हातीं घेतला नाहीं. त्यावर तीन पावसाळे गेले. गेल्या दिवाळींत डायनामो उघडून पाहिला. शाफ्टावर रेघ नव्हती, आणि बोट लावतांच तेलाचा ओलावा लागला. ज्यांच्या पडवींत अशी गाडी झांकलेली आहे त्यांनीं ती रस्त्यावर आणण्यापूर्वीं हा एवढा बुश आधीं पाहावा, आणि वाटेंत कांटा मागें गेला तर तेथेंच थांबावें, एवढीच आमची विनंती आहे.